निकाल उत्तम, तरी शाळा उपेक्षित : अनुदान निकालाशी जोडावे का?

राजापूर तालुक्यातील एका शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो. तरीही येथील शाळांना शिक्षक पुरत नाहीत, गळक्या छपराला पैसे मिळत नाहीत आणि पट घटला की शाळा बंद करण्याची चर्चा सुरू होते. मग चांगला निकाल देणाऱ्या शाळेला शासनाने अधिक अनुदान द्यावे, ही मागणी न्याय्य नाही का?

शाळा तपासणी आणि संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मंजूर हे ठरवण्याच्या, कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे या मागणीमागची तळमळ मला जवळून ठाऊक आहे. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की अनुदान निकालाशी जोडले तर सर्वांत मोठा फटका कोकणातील लहान शाळांनाच बसेल. आज जो अन्याय होतो आहे तो निकालाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होत नाही. शाळेला मिळणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट पटसंख्येवर ठरते, यामुळे तो होतो. आपली मागणी या दुसऱ्या गोष्टीकडे वळायला हवी.

त्यासाठी आधी शाळेला पैसा कोणत्या वाटेने मिळतो ते पाहू. शासन शाळेवर जो खर्च करते त्याचा फार मोठा भाग शिक्षकांचे वेतन असतो. वेतन पदांवर अवलंबून असते, पदे संचमान्यतेत ठरतात आणि संचमान्यता पटावर होते. मुलांच्या प्रगतीचा या साखळीत कोठेही संबंध येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० साठी तीन, ९१ ते १२० साठी चार असे प्रमाण दिलेले आहे. सहावी ते आठवीसाठी प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी स्वतंत्र शिक्षक असावेत, असे तीच अनुसूची सांगते. म्हणजे कायद्याने एक किमान पातळी मान्य केली आहे : मुले कितीही कमी असोत, शाळा म्हणून जे लागते ते लागतेच. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाविरुद्ध कोकणातून एवढा आवाज उठला त्याचे कारण हेच होते. वीसच्या आतील पटाच्या वरच्या वर्गांसाठी पदे टिकणेच त्या निर्णयाने अवघड झाले, आणि सह्याद्रीच्या उतारावरील वाड्यांत सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत असणे हे नेहमीचेच चित्र आहे.

वेतनाव्यतिरिक्तचा पैसा याहून तोकडा असतो. समग्र शिक्षा अभियानातील संयुक्त शाळा अनुदान पटाच्या टप्प्यांनुसार मिळते : ३० मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये, ३१ ते १०० मुलांना २५ हजार, १०१ ते २५० मुलांना ५० हजार, आणि त्यापुढे आणखी. १० हजार रुपयांत वीजबिल, खडू, नोंदवह्या, स्वच्छता आणि किरकोळ दुरुस्ती हे सगळे बसवायचे असते. आता अठरा मुलांची शाळा आणि ऐंशी मुलांची शाळा शेजारी ठेवून पाहा. दोन्हींना छप्पर आहे, दोन्हींच्या कौलांवर जूनपासून सप्टेंबरपर्यंत तोच पाऊस कोसळतो, समुद्रालगतच्या गावात दोन्हींचे लोखंडी गज आणि पत्रे त्याच खाऱ्या वाऱ्याने गंजतात. मुलांची संख्या कमी म्हणून इमारत कमी गळत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगड भागातील शाळांची छपरे उडाली तेव्हा वाऱ्याने पट विचारला नव्हता. दुरुस्तीचा निधी मात्र आजही मुख्यतः पट विचारूनच येतो.

खासगी अनुदानित माध्यमिक शाळांचे वेतनेतर अनुदान हा तर स्वतंत्र विषय आहे. ते काही वर्षे बंदच होते आणि २०१३ पासून वेतनाच्या पाच टक्के या प्रमाणात पुन्हा सुरू झाले. वेतनाची टक्केवारी हा निकषच मुळात विचित्र आहे. ज्या शाळेतील शिक्षक सेवाज्येष्ठ, तिचे वेतन जास्त, म्हणून तिला प्रयोगशाळेसाठी आणि पाणी-विजेसाठीही जास्त. ज्या शाळेतील पदे रिक्त, तिचे वेतन कमी, म्हणून तिला खडूलाही कमी. गरज जेथे जास्त तेथे पैसा कमी पोहोचावा, अशीच ही रचना आहे.

रिक्त पदांबद्दल येथे सविस्तर लिहायला हवे, कारण कागदावरील अनुदान आणि प्रत्यक्षात पोहोचणारे अनुदान यांतील सर्वांत मोठे अंतर तेथे आहे. मंजूर शिक्षकसंख्येच्या दहा टक्क्यांहून अधिक पदे रिक्त राहू नयेत, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम २६ सांगते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेले शिक्षक काही वर्षांनी आंतरजिल्हा बदलीने आपापल्या गावाकडे जातात. त्यांच्या जाण्यात गैर काही नाही; घरापासून दूर राहणाऱ्या माणसाला परत जावेसे वाटणारच. पण त्या जागी नवा शिक्षक येईपर्यंत एक-दोन शैक्षणिक वर्षे सहज निघून जातात, आणि तोवर जवळपासच्या डी.एड. झालेल्या तरुणांना तुटपुंज्या मानधनावर बोलावून वर्ग चालवावे लागतात. या काळात शासनाचा त्या शाळेवरचा खर्च घटलेला असतो. म्हणजे शिक्षक नसलेली शाळा हिशेबात स्वस्त दिसते आणि शिक्षक असलेली शाळा महाग. ज्याला ‘प्रति विद्यार्थी खर्च’ म्हणतात तो आकडा वाचताना हे विसरून चालणार नाही.

तो आकडा लहान शाळांविरुद्ध कसा वापरला जातो तेही पाहू. समजा, एका वाडीवरच्या शाळेत १८ मुले आणि दोन शिक्षक आहेत, आणि प्रत्येक शिक्षकाचे वेतन दरमहा ६० हजार रुपये आहे. वर्षाचा वेतनखर्च १४ लाख ४० हजार, म्हणजे एका मुलामागे ८० हजार. तालुक्याच्या गावातील शाळेत १८० मुले आणि त्याच वेतनाचे सहा शिक्षक असतील तर खर्च ४३ लाख २० हजार, म्हणजे एका मुलामागे २४ हजार. यावरून वाडीतील मुलावर शासन तिपटीहून अधिक उधळपट्टी करते, असा निष्कर्ष काढला जातो. पण वाडीतील त्या मुलाला मिळते काय? पाच इयत्तांसाठी दोन शिक्षक. त्यांतील एकाकडे मुख्याध्यापकाचे काम, शालेय पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि तालुक्याच्या बैठका. म्हणजे बरेच दिवस पाच इयत्ता एकाच खोलीत, एकाच शिक्षकासमोर. ते ८० हजार रुपये मुलाला मिळालेली चैन नाही. डोंगरात पांगून राहणाऱ्या वस्तीला शाळा पुरवण्याची ती किंमत आहे. रस्ता, वीज आणि पाणी याच वस्तीला पुरवताना दरडोई खर्च जास्त येतो, तो आपण निमूटपणे मान्य करतो. शाळेच्या बाबतीतच त्याला उधळपट्टी का म्हणावे?

आता निकालाकडे येऊ. कोकण विभागीय मंडळ २०१२ च्या परीक्षेपासून स्वतंत्रपणे निकाल लावते आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे त्यात आहेत. रायगड मुंबई विभागीय मंडळात मोडतो. २०२४ मध्ये दहावीचा राज्याचा निकाल ९५.८१ टक्के होता आणि कोकणाचा ९९.०१ टक्के. २०२५ मध्ये राज्याचा ९४.१० आणि कोकणाचा ९८.८२ टक्के लागला, तर सर्वांत कमी निकाल असलेल्या नागपूर विभागाचा ९०.७८ टक्के. हे यश खरे आहे आणि त्यामागे शिक्षकांची, पालकांची पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत आहे. पोराने शिकून मुंबईला नोकरी धरावी, ही आस येथील घराघरांत फार जुनी आहे, आणि अनेक गावांतील हायस्कुले मुंबईकर चाकरमान्यांच्या मंडळांनी गिरणीच्या पगारातून वर्गणी काढून उभी केलेली आहेत. पण म्हणूनच शाळेला द्यायच्या पैशाचे मोजमाप म्हणून हे आकडे वापरणे धोक्याचे आहे. उत्तीर्णतेचा टक्का शाळेने काय केले एवढेच सांगत नाही. घरात शिक्षणाची परंपरा किती, मुलाला कापूस वेचायला किंवा आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जावे लागते की नाही, शाळेची भाषा घरच्या भाषेच्या किती जवळची, हे सगळे त्या एका आकड्यात मिसळलेले असते. मेळघाटातील कोरकू बोलणाऱ्या मुलाला साठ टक्क्यांपर्यंत आणणाऱ्या शिक्षकाने देवगडच्या शिक्षकापेक्षा कमी काम केले, असे कोण म्हणेल?

शिवाय सगळे विभाग नव्वदीच्या पुढे असताना हा टक्का चांगली शाळा आणि साधारण शाळा यांतील फरक दाखवूच शकत नाही. ३५ गुणांनी उत्तीर्ण झालेला आणि ९५ गुण मिळवलेला, दोघेही त्यात सारखेच मोजले जातात.

याहून महत्त्वाचा मुद्दा लहान संख्येचा आहे, आणि तो फारसा कोणी मांडत नाही. एखाद्या हायस्कुलातून नऊ मुले दहावीला बसली आणि एक नापास झाला, तर शाळेचा निकाल ८८.८९ टक्के होतो. १८० मुलांच्या शाळेत एक नापास झाला तर निकाल ९९.४४ टक्के राहतो. समजा, दोन्ही शाळांतील शिकवणे अगदी सारखे आहे आणि प्रत्येक मूल उत्तीर्ण होण्याची शक्यता ९५ टक्के आहे. नऊ मुलांच्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागण्याची शक्यता ६३ टक्के येते, म्हणजे तीन वर्षांतून जवळजवळ दोनदा. उरलेल्या वर्षी तिचा निकाल नव्वदच्या खाली घसरतो. १८० मुलांच्या शाळेचा निकाल मात्र दरवर्षी ९५ च्या आसपास राहतो. तो शंभर जवळजवळ कधीच होत नाही आणि नव्वदच्या खालीही क्वचितच जातो. आता नियम करा की शंभर टक्के निकालाला बक्षीस आणि नव्वदच्या खाली आल्यास कपात. लहान शाळेला दोन वर्षे बक्षीस आणि तिसऱ्या वर्षी शिक्षा मिळेल, आणि दोन्हींचा तिच्या शिकवण्याशी काडीचाही संबंध नसेल. कोकणातील कितीतरी माध्यमिक शाळांत दहावीचा वर्ग याच आकाराचा असतो. एका मुलाच्या तापावर किंवा घरातील दुःखद प्रसंगावर एका शाळेचे वर्षाचे पैसे ठरावेत, ही व्यवस्था मला मान्य होण्यासारखी नाही.

दहावीच्या निकालावर अनुदान ठरवले तर ज्या शाळांच्या काळजीने हा प्रश्न विचारला गेला त्यांना त्यातून काहीच मिळणार नाही, हेही लक्षात घ्यावे. पट घटल्यामुळे धोक्यात आलेल्या शाळा बहुतांशी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा आहेत. दहावीला मुले बसवणाऱ्या शाळा बहुतांशी खासगी संस्थांच्या आहेत. वाचन-लेखनाचा पाया वाडीवरील शाळेत घातला जातो आणि निकालाची पाटी हायस्कुलाच्या दारात लागते. पाया घालणाऱ्या शाळेपर्यंत ते बक्षीस कोणत्या वाटेने पोहोचणार?

निकालावर पैसे देण्याचा प्रयोग पूर्वी झालेला आहे. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने शाळेचे अनुदान मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन व अंकगणित या तीन विषयांची परीक्षा यांवर ठरवले. मूल ज्या विषयात नापास होई, त्या विषयाचे २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. परिणाम व्हायचा तोच झाला. शाळांनी त्या तीन विषयांपलीकडचे शिकवणे आवरते घेतले, पुस्तकातील ठरावीक उतारे मुलांकडून घोकून घेतले आणि निरीक्षक येण्याच्या दिवशी कोण हजर आहे याला अवाजवी महत्त्व आले. शतक संपण्याआधी इंग्लंडला ती पद्धत सोडावी लागली. आपल्या मुंबई इलाख्यातही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत होती, आणि हिंदुस्थान सरकारच्या १९०४ च्या शैक्षणिक धोरणाच्या ठरावाने ती मागे पडली.

आज ती पुन्हा आणली तर काय होईल, हे ओळखायला इतिहासाचीही गरज नाही. निकालाची प्रतिष्ठा टिकवण्यासाठी कच्च्या मुलाला नववीत अडकवणे किंवा ‘सतरा नंबरचा फॉर्म भर’ असे सांगून त्याला बाहेरून परीक्षेला बसवणे, या प्रथा आजही काही ठिकाणी चालतात, आणि आज तर त्यात केवळ नावाचा प्रश्न आहे. उद्या त्यात शिक्षकांचा पगार आणि संस्थेचे अनुदान गुंतले, तर कच्चे मूल हे शाळेच्या दृष्टीने ओझे ठरेल. ज्या मुलाला शाळेची सर्वांत जास्त गरज आहे, त्यालाच शाळेबाहेर घालवण्याला आपण मोबदला देऊ. मला या संपूर्ण विषयात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

मग न्याय्य वाटप कसे असावे? माझ्या मते त्याचा आधार गरज हा असावा आणि गरजेत तीन गोष्टी धराव्यात. पहिली, प्रत्येक शाळेला पटाशी संबंध नसलेली एक ठरावीक रक्कम : इमारत, वीज, पाणी, शौचालय आणि इंटरनेट यांचा खर्च भागेल एवढी. मुलांच्या संख्येनुसारचा भाग त्यावर मिळावा. दुसरी, दुर्गमतेचा भार. शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आणि उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी, असे धरले आहे. पण कोकणात नकाशावरचा एक किलोमीटर म्हणजे पावसाळ्यात कधी भरून वाहणारा पऱ्या, कधी फळ्या निसटलेला साकव, तर कधी धनगरवाड्यावरून उतरणारी निसरडी पायवाट असते. अंतर सरळ रेषेत न मोजता जुलै महिन्यात मुलाला चालावे लागते त्या वाटेने मोजावे. इंग्लंडच्या शाळा निधीच्या सूत्रात विरळ वस्तीतील लहान शाळांसाठी वेगळा घटक आहे, आणि गरीब घरातील मुलांसाठी २०११ पासून शाळेला प्रति विद्यार्थी अधिक रक्कम दिली जाते. निकालावर अनुदान देऊन पाहिलेल्या देशाने शेवटी गरजेचा मार्ग धरला, हे आपण लक्षात घेण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे मुलांची सामाजिक-आर्थिक स्थिती, आणि येथे कोकणातील मंडळींना थोडे अप्रिय वाटेल असे लिहिणे भाग आहे. गरजेचा निकष प्रामाणिकपणे लावला तर नंदुरबार, गडचिरोली आणि मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळांना कोकणातील कित्येक शाळांपेक्षा अधिक मिळेल, आणि ते योग्यच असेल. कोकणाच्या आतही हेच लागू होते. ज्या गावाचे मुंबईतील चाकरमान्यांचे मंडळ भक्कम आहे तेथे रंगरंगोटी होते, संगणक येतात, पाण्याची टाकी बसते. ज्या कातकरी वाडीचे मुंबईत कोणी नाही, तिच्या शाळेला शासनाशिवाय कोणी नाही. मागणी करायची तर ती आधी त्या शाळेसाठी करावी.

निकालाचा उपयोग नाही, असे मात्र मी म्हणत नाही. मुले कोठे अडखळतात हे पाहण्यासाठी तो आवश्यक आहे, पण त्यासाठी उत्तीर्णतेचा टक्का न पाहता त्याच मुलांची तिसरीतील पातळी आणि पाचवीतील पातळी यांतील अंतर पाहावे, आणि लहान शाळांच्या बाबतीत किमान तीन वर्षांचा एकत्रित विचार करावा. ज्या शाळेत मुलांची ही प्रगती पुरेशी दिसत नाही, तेथे केंद्रप्रमुखाने वारंवार जावे, आणखी एक शिक्षक द्यावा, बहुवर्ग अध्यापनाचे, म्हणजे एकाच वेळी अनेक इयत्तांना शिकवण्याचे, खास प्रशिक्षण द्यावे. खालावलेला निकाल हे मदत पाठवण्याचे कारण व्हावे, पैसे कापण्याचे नव्हे.

समूह शाळांचा, म्हणजे कमी पटाच्या शाळा एकत्र करून एक शाळा चालवण्याचा, मुद्दाही यातूनच येतो. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, म्हणून पट घटणे हे शिक्षकांचे अपयश नाही, आणि काही ठिकाणी दोन शाळा एकत्र करणे मुलांच्याही हिताचे असू शकते. तीन मुलांच्या शाळेत खेळायलाही सवंगडी नसतो. पण जेथे एकत्रीकरण होईल तेथे वाहन आणि सोबतीचा माणूस यांची तरतूद आधी झाली पाहिजे, आणि त्यातून वाचलेला पैसा त्याच तालुक्यातील शाळांवर खर्च झाला पाहिजे. तो राज्याच्या तिजोरीत परत गेला तर त्या सुधारणेचा लाभ मुलांना झाला, असे म्हणता येणार नाही.

आपल्या समितीपुरते सांगायचे तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा तयार करण्याचा अधिकार समितीला आहे, आणि तो आराखडा बहुतेक ठिकाणी नुसता छापील नमुना भरून दिला जातो. तसे करू नये. गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून गेल्या तीन वर्षांच्या संचमान्यतेच्या प्रती घ्याव्यात आणि मंजूर पदे किती, भरलेली किती, पद किती महिने रिक्त राहिले, हे आराखड्यात तारखांसह लिहावे. छप्पर, वीज, पाणी आणि शौचालय यांवर वर्षभरात प्रत्यक्ष किती खर्च झाला, त्यातील अनुदान किती, पालकांची वर्गणी किती आणि मुंबईहून आलेले किती, याचा तक्ता जोडावा. प्रत्येक वाडीतून शाळेपर्यंतची पावसाळी वाट चालून तिचे अंतर आणि वाटेतील पऱ्ये लिहून काढावेत, त्यावर ग्रामसभेचा ठराव घ्यावा आणि पोच घेऊन आराखडा गट व जिल्हा अशा दोन्ही कार्यालयांत द्यावा. दहावीच्या निकालाचे कात्रण त्याला जोडण्याची आवश्यकता नाही.